जाजमावरचे बारा

६ नोव्हेंबर २०२४

बबिता,

मायना मुद्दाम गाळला आहे. आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, आणि नमस्कार लिहायला मी तुझ्याहून लहान नाही. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलं आहेस, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो वैष्णवीला पाठवते आहे. ती तुझी लेक असली तरी माझी भाची आहे. ती तुला वाचायला लावील.

पाडव्याला तिचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "मावशी, आई जूरीवर बसली होती, माहीत आहे का?" मला कुठून माहीत असणार! मग तिने सगळं सांगितलं. एका तरुणावर दुकान फोडल्याचा खटला होता. खटला चालू असेपर्यंत तो पोरगा एक अक्षर बोलला नाही. शेवटी न्यायाधीशाने तुम्हा बारा जणांना सूचना वाचून दाखवल्या. त्यात एक अशी होती की आरोपी गप्प बसला हे त्याच्या विरुद्ध धरायचं नाही, त्यावर आपसात बोलायचंसुद्धा नाही. तुम्ही त्याला सोडलंत. आणि घरी येऊन तू म्हणे स्वयंपाकघरात उभी राहून रडलीस. "आम्ही बरोबर केलं, आम्ही बरोबर केलं," असं म्हणत होतीस.

बरोबरच केलंत. शाबास.

आता मला सांग, त्या अनोळखी पोराला जे दिलंस, ते सख्ख्या बहिणीला द्यायला तुला काय झालं होतं? तू अमेरिकेला निघालीस त्या आठवड्यात आईच्या पाटल्या सापडेनात. सगळे माजघरात जमले होते. कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. तू मला सगळ्यांदेखत विचारलंस, "अक्का, तू घेतल्यास का?" मी म्हणाले, "या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही." आई कोपऱ्यात बसून होती, तिने मान वर केली नाही. आणि तू काय म्हणालीस ते मला आजही पाठ आहे. म्हणालीस, "निर्दोष माणूस बोलतो, अक्का."

बावीस वर्षं झाली. त्या पाटल्यांबद्दल मी तेव्हा बोलले नाही, आजही बोलणार नाही. आईला शब्द दिला होता. आई गेली म्हणून शब्द जात नाही. इतकं मात्र खरं की त्या आठवड्यात आई आणि मी एका दिवसात लातूरला तुझ्या सासरी जाऊन आलो होतो, आणि परतीच्या एस.टी.त आई गंगाखेड येईपर्यंत डोळे मिटून बसली होती. यापुढे काही विचारू नकोस.

ते सूचनांचे कागद मला पाठवायला मी वैष्णवीला सांगितलं आहे. तू काय ऐकून उठलीस, ते मला शब्दाशब्दाने वाचायचं आहे.

इकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री माणिकरावाची सोयाबीनची सुडी जळाली. कापून रचलेली सगळ्या हंगामाची रास ताडपत्रीसकट राख झाली. गाव तापलेलं आहे.

राजेश्री

१२ नोव्हेंबर २०२४

बबिता,

कागद आले. गंगाखेडला जाऊन छापून घेतले. दुकानातला मुलगा म्हणाला, "आजी, येवढं इंग्रजी कशाला?" मी म्हणाले, "तुझ्या आजीच्या वयाची झाले तरी मला येतं म्हणून."

मी परभणीच्या कोर्टात जन्मभर स्टेनो होते. किती न्यायाधीशांच्या तोंडून "संशयाचा फायदा" हे शब्द ऐकून टाइप केले त्याची गणती नाही. पण आपल्याकडची जूरी मी शाळेत असतानाच मोडीत निघाली. साध्या माणसांना समोर बसवून न्याय कसा करायचा हे कुणी पायरी-पायरीने समजावून सांगताना मी कधी पाहिलं नव्हतं. काय सुरेख लिहिलं आहे गं! कुठेही तोरा नाही. न्यायाधीश सांगतो: तुम्ही दुकानात, रस्त्यात जे ऐकलंत तो पुरावा नव्हे. आरोपीला काहीही सिद्ध करायचं नाही, ज्याने आरोप केला त्याने करायचं. संशय असेल तर तो कारण सांगता येईल असा असावा. आपल्या शाळेतल्या सिस्टर ॲग्नेस असत्या तर त्यांनी हे वर्गात पाठ करून घेतलं असतं, आणि मग शाईच्या दौतीच्या वेळी मी ते त्यांनाच ऐकवलं असतं. दौत तू सांडली होतीस. छडी मी खाल्ली. असो.

आता इथलं सांगते, कारण त्याचा या कागदांशी संबंध येणार आहे.

भिवराबाई तुला आठवणार नाही. मेंढ्यांवाली, विधवा बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. तिची मेंढरं रब्बीच्या आधी कुणाच्या ना कुणाच्या रानात बसतात. रात्रभर मेंढ्या बसल्या की रानाला खत मिळतं आणि तिला धान्य मिळतं. तिचं पोट त्याच्यावर. गणपतीच्या सुमारास तिच्या चार मेंढ्या माणिकरावाच्या तुरीत शिरल्या. त्याने काठी फेकून एडक्याचा पाय मोडला. ती भर रस्त्यात ओरडली, "माझ्या जित्राबाचा पाय मोडलास, तुझ्या घामाची राख हुईल!" माणिकराव गावातला मोठा शेतकरी. त्याने त्याच दिवशी फर्मान काढलं की हिच्या मेंढ्या कुणी रानात बसवायच्या नाहीत. ज्यांच्या पाइपलाइनला त्याच्या विहिरीचं पाणी येतं ते सगळे मुकाट्याने हो म्हणाले.

आणि दिवाळीत खरोखरच राख झाली.

पोलीस आले, पंचनामा केला, "कारण अज्ञात" लिहून गेले. माणिकरावाचं त्याने भागेना. त्याने काल खंडोबाच्या देवळात गाव जमवलं आणि भिवराबाईला म्हणाला, "बेल-भंडार उचल. न्हाई म्या जाळली म्हण. मंग आमी इचारू ती समदी उत्तरं दे." तुला ठाऊक आहे, भंडारा हातात घेतला की खोटं बोलायचं नाही, विचारलेलं टाळायचंही नाही.

भिवराबाई उभी राहिली. भंडाऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "म्या जाळली न्हाई. पर भंडारा उचलत न्हाई."

देवळात एकदम गलका झाला. माणिकराव हात उंचावून म्हणाला, "बगा! निर्दोष माणूस बोलतंय. चोराची जीभ अशी टाळूला चिकटती."

बबिता, ऐकलंस? तेच वाक्य! तुझं वाक्य, बावीस वर्षांनी, माणिकरावाच्या तोंडून.

मी उठले. बायका सहसा देवळातल्या सभेत बोलत नाहीत, पण मी कोर्टाची बाई, माझा त्यांना सवयीचा त्रास आहे. म्हणाले, "माणिकराव, हिला गाव सोडायला सांगाल तर सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे, मी उद्याच्या पहिल्या गाडीने जाऊन फिर्याद देईन."

तो हसला. "द्या ना, अक्का. कायदा तिला गावात ठिवील. पर तिच्या मेंढ्या रानात बसवा असं कायदा कुणाला सांगतोय का?"

खरं सांगू? त्याचं बरोबर होतं. मी घरी येऊन पंखा लावून बसले आणि संतापाने चहा गार होऊ दिला. फिर्याद दिली तर पोलीस येतील. पण लोकांच्या मनात ती जाळणारी राहील, तिच्या मेंढ्या उपाशी रानोमाळ फिरतील, आणि संक्रांतीच्या आत ती आपली आपणच निघून जाईल. गावानेच तिला निर्दोष म्हटल्याशिवाय तिचा इथे निभाव नाही.

आणि समोर तुझे हे छापलेले कागद पडले होते.

राजेश्री

२१ नोव्हेंबर २०२४

बबिता,

काल मतदान झालं. बोटाची शाई अजून ओली वाटते आहे. निवडणूक आडवी आली म्हणून भिवराबाईच्या निवाड्याची सभा रविवारवर गेली, आणि मला भाषांतराला वेळ मिळाला. तुझ्या न्यायाधीशाच्या सूचना मी मराठीत आणल्या आहेत. आपल्या बायाबापड्यांना कळेल अशा. परभणीची कोर्टाची मराठी ठेवली असती तर बाराही जण झोपले असते.

सरपंच परमेश्वर तरुण आहे आणि भांडण टळलं तर त्याला हवंच आहे. त्याला घेऊन मी माणिकरावाच्या ओसरीवर गेले. म्हणाले, "तुम्हाला गावाचा निवाडा हवा आहे ना? मग धड घ्या. बारा माणसं जाजमावर बसतील. सहा तुम्ही निवडा, सहा मी. दोन्ही बाजू ऐकतील. शिक्षा कुणीच ठरवायची नाही, तो आपला अधिकार नाही. फक्त एवढंच सांगायचं, हिने जाळली असं सिद्ध झालं की नाही."

"आन् बारा जनांचं एकमत न्हाई झालं तर?"

"तर सिद्ध झालं नाही."

"ह्ये कुठलं काढलंय, अक्का?"

"माझ्या बहिणीकडून आलं आहे. अमेरिकेतून."

माणिकरावाची बायको पार्वतीबाई आतून पाणी घेऊन येत होती. ती म्हणाली, "अमेरिकेतल्या बहिणीशी तर तुमी बोलत न्हाई म्हणत्यात."

"ती माझ्याशी बोलत नाही," मी म्हणाले. "मी तिच्याशी रोज बोलते. मनात."

माणिकराव तयार झाला, कारण त्याला खात्री होती. त्याच्या सहांमध्ये त्याचा चुलतभाऊ योगीराज होता, आणि ग्यानबाही होता. ग्यानबाला तीन एकर रान, तेही माणिकरावाच्या पाण्यावर. मी विचार केला, संपलं, हे सहा जण त्याच्या खिशातले. माझ्या सहांत मी चतुराबाईला घेतलं. तिची पिठाची गिरणी आहे आणि गावातली प्रत्येक अफवा तिच्याकडे दळली जाते. माणिकराव म्हणाला, "ती तर तोंडाळ हाय." मी म्हणाले, "म्हणूनच. एका कोपऱ्यात निदान आवाज तर असेल."

दोन दिवस भिवराबाईच्या पालावर जाऊन आले. तिची कुत्री मला ओळखायला लागली आहेत. तिला विचारलं, "बाई, भंडारा का उचलत नाहीस? खरं तेच बोलायचं आहे ना?"

ती मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. म्हणाली, "इचारू नका, अक्का."

मी नाही विचारलं. शब्द दिलेलं माणूस कसं गप्प बसतं, हे मला शिकवायला नको.

राजेश्री

२४ नोव्हेंबर २०२४

चि. बबिता,

बघ, आज मायना घातला. का, ते शेवटी कळेल. घाईघाईने लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर वैष्णवीला फोटो मोठा करून वाचायला सांग.

सकाळी देवळापुढे जाजम अंथरलं. लग्नात अंथरतात ते लाल पट्ट्यांचं. बारा जण बसले, सभोवती सगळं गाव. एका बाजूला माणिकराव, एका बाजूला भिवराबाई, तिच्या पायाशी तिचा मोडक्या पायाचा एडका. त्याला का आणलं विचारलं तर म्हणाली, "त्यो बी साक्षीदार हाय." लोक हसले.

मी सुरुवात केली. बाकी काही सांगण्याआधी पहिली सूचना वाचली, जी तुझ्या न्यायाधीशाने तुमच्यासमोर वाचली असेल: तुमच्यापैकी ज्याचा या प्रकरणात कुठलाही हितसंबंध आहे, किंवा ज्याला त्या रात्रीबद्दल स्वतःला काही माहीत आहे, त्याने न्याय करायला बसू नये. त्याने आत्ताच उठावं. त्यात कमीपणा नाही.

मला वाटलं होतं योगीराज उठेल, सख्खा चुलतभाऊ म्हणून. तो ढिम्म बसला. पण दुसऱ्या टोकाला ग्यानबा उठला. खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि खाली मान घालून म्हणाला, "मला न्हाई बसायचं."

माणिकराव दचकला. "काय रे? काय झालं?"

"काय न्हाई. बसत न्हाई बस."

तो जाऊन पिंपळाच्या पारावर एकटा बसला. त्याच्या जागी माणिकरावाने आश्रुबाला बसवलं. मी मनात नोंद केली आणि पुढच्या सूचना वाचल्या. न्यायाधीशाने अंदाज करायचा नसतो.

मग माणिकराव बोलला. शाप सांगितला, राख सांगितली. चंद्रभान त्याचा सालगडी, त्याला उभं केलं. चंद्रभान म्हणाला, "म्या बगितलं. सुडीकडून एक घोंगडं जायलतं."

मी विचारलं, "बाई होती की बाप्या?"

"घोंगडं व्हतं."

"अरे, घोंगडं एकटंच चाललं होतं का?"

गाव खदखदून हसलं. चंद्रभानही हसला बिचारा. "अंधार व्हता, अक्का. लांबून दिसलं. मेंढरावालीच घोंगडं घेतीय न्हवं?"

"तुझ्या खांद्यावर आत्ता काय आहे?"

त्याने खांद्याकडे पाहिलं. घोंगडी होती. पुन्हा हशा. माणिकरावाचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

भिवराबाईला मी विचारलं, काही सांगायचं आहे का. ती म्हणाली, "म्या जाळली न्हाई. त्याच्या फुडं माझ्याकडं काय न्हाई."

"आन् भंडारा?" माणिकराव गरजला.

तेव्हा मी ती सूचना वाचली. हळू वाचली, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. आरोपीला बोलण्याची सक्ती नाही. तो बोलला नाही, शपथ घेतली नाही, तर ते त्याच्या विरुद्ध धरायचं नाही. तुम्ही बारा जण खोलीत बसाल तेव्हा त्याबद्दल बोलायचंसुद्धा नाही. कारण गप्प बसायला हजार कारणं असतात, आणि त्यातली बहुतेक अपराधाची नसतात. हे शेवटचं वाक्य तुझ्या कागदांत नाही. ते माझं आहे.

बारा जण शाळेच्या खोलीत गेले. दार लावलं. मी बाहेर. पुढचं सगळं चतुराबाईने सांगितलेलं लिहिते आहे, तिला निकालानंतर धीर कुठला!

आत गेल्यागेल्या योगीराज म्हणाला, "ती बोलली का न्हाई, त्ये सांगा."

चतुराबाई म्हणाली, "अक्कानं आताच काय वाचलं? त्याच्यावर बोलायचं न्हाई. तुजे कान काय गिरणीत इसरलास का?"

"बरं. मंग शाप?"

"शापानं सुड्या जळत असत्या तर माझ्या सासूनं दिलेल्या शापांनी माझी गिरणी रोज जळाली असती."

आश्रुबाने सावकाश विचारलं, "पर मंग जाळली कुणी?"

हा प्रश्न फिरत राहिला म्हणे. कुणालाच तो सोडवेना. दुसरं कुणी सापडत नाही तर हीच असणार, असं दोघातिघांना वाटायला लागलं. तेव्हा माझ्याच सहांतल्या एका म्हाताऱ्या बाईने आठवण करून दिली की अक्काने हेही वाचलं आहे: कुणी केलं ते शोधणं तुमचं काम नाही, हिने केलं हे सिद्ध झालं का एवढंच बघा. चतुराबाईने मग टाकलं, "त्या राती समद्या गावात फटाके उडायले व्हते. माणिकरावाच्या नातवाचे रॉकेट माज्या पत्र्यावर पडले, दोन. म्या सकाळी उचलले. त्यातलं एक रानाकडं गेलं नसंल कशावरून?"

योगीराज म्हणाला, "गेलं हाय असं कुणी बगितलंय?"

"न्हाई बगितलं. पर हिनं जाळलंय असं तरी कुणी बगितलंय?"

बबिता, कारण सांगता येईल असा संशय म्हणजे हाच! मी तीन पानांत जे समजावलं ते तिने दोन वाक्यांत दळून दिलं.

योगीराज शेवटपर्यंत अडून बसला होता. मग म्हणे आश्रुबा त्याला म्हणाला, "योगीराज, उद्या तुझ्यावर असंच कुणी बोट दावलं, आन् तू काय कारणानं गप बसलास, तर आमी काय करावं म्हनतोस?" योगीराजाने टोपी डोक्यावर सरळ केली. म्हणाला, "लिवा, सिद्ध झालं न्हाई."

आश्रुबाने बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "बारा जनांचं एक मत हाय. सिद्ध झालं न्हाई. भिवराबाई निर्दोष."

भिवराबाई जागची हलली नाही. एडक्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. बायकांपैकी कुणी तिच्या हातावर गूळ ठेवला, कुणी तिला पाणी दिलं.

आणि आता ऐक. मी हे सगळं ज्याच्यासाठी लिहायला बसले ते आता आलं.

पारावरून ग्यानबा उठला. चालत जाजमाच्या मधोमध आला आणि म्हणाला, "आता मला बोलू द्या. त्या राती भिवराबाईच्या मेंढ्या माझ्या रानात बसल्या व्हत्या. म्या बोलीवल्या व्हत्या, चोरून. माणिकदादानं बंदी घातली व्हती तरी. ती मेंढरांपाशी व्हती आन् मी बी तिथंच झोपलो व्हतो. उजाडल्यावर धूर दिसला."

माणिकराव उभा राहिला. "मंग आदी का सांगितलं न्हाई?"

"तुमी पाणी तोडलं असतं," ग्यानबा म्हणाला. "भ्यालो. तिनं मला शब्द दिल्ता की सांगणार न्हाई. भंडारा उचलला असता तर इचारलं असतं, त्या राती कुठं व्हतीस. मंग माझं नाव सांगावं लागलं असतं."

मी भिवराबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "शब्द दिल्ता, अक्का." बास.

लोक म्हणाले, बरं झालं सत्य बाहेर आलं. मी म्हणते, सत्य नंतर आलं. बारा जणांनी तिला आधी सोडलं. तिच्या मनात काय आहे, ती का गप्प आहे, हे काहीएक कळायच्या आधी सोडलं. ग्यानबा आधी बोलला असता तर तिला सोडण्यात कसली मर्दुमकी? न कळता सोडलं, म्हणून तो न्याय.

तू एकदा अशा जाजमावर बसली आहेस. तिथे तुझ्या हातून हे झालं आहे. आता माझं प्रकरण समोर घे. पुरावा काय? किल्ली माझ्याकडे होती. आणि मी गप्प बसले. दुसरं तुझ्याकडे काही नाही. मी तुला आजही कारण सांगणार नाही. बावीस वर्षांपूर्वी तू एकटीने निकाल दिलास, सूचना न ऐकता. आता ऐकल्या आहेत.

सांग. दोषी की निर्दोष?

अक्का

८ डिसेंबर २०२४

चि. बबितास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल चंपाषष्ठी होती. गावभर वांग्याचं भरीत आणि रोडगे. भंडाऱ्याने देवळाची पायरी पिवळीधमक झाली होती. मी नैवेद्य दाखवून घरी आले, फोन हातात घेतला, तर तुझा निरोप. तुझ्याकडून. तुझ्याच नंबरवरून. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तुझा फोटोही दिसायला लागला आहे, केस पांढरे झालेत तुझे, छान दिसतात.

तू लिहिलंस, "अक्का, निर्दोष. बारा जणांची वाट बघायची गरज नाही. आणि मला कारण सांगू नकोस."

मी सांगणारच नव्हते.

पण "कारण सांगू नकोस" हे तू लिहिलंस, ते मला पाटल्यांपेक्षा मोलाचं वाटलं. मी तो निरोप घेऊन सरळ गिरणीवर गेले. चतुराबाईने पीठ झटकून फोन हातात घेतला, वाचला, आणि दळणाला आलेल्या बायांना ओरडून सांगितलं, "अक्काची केस बी सुटली गं!" कुठली केस हे कुणालाच कळलं नाही. तरी सगळ्या हसल्या. एकीने माझ्या कपाळाला भंडारा लावला.

इकडची हकिगत अशी. माणिकरावाने ग्यानबाचं पाणी तोडण्याची धमकी दिली. चतुराबाई म्हणाली, "पाणी तोडलं तर त्याचं दळण मी दळत न्हाई." मी तिला तिथल्या तिथे झापलं, की हाही बहिष्कारच, कायदा तुलाही लागू आहे. ती म्हणाली, "मंग दळीन, पर जाडंभरडं." त्याची गरज पडली नाही. बाराही जण, योगीराजसुद्धा, माणिकरावाच्या ओसरीवर जाऊन बसले. काही बोलले नाहीत म्हणे. नुसते बसले, चहा प्यायले आणि उठून आले. पाणी चालू आहे.

आणि सगळ्यांत मजा गेल्या आठवड्यात झाली. पार्वतीबाई माझ्याकडे आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "अक्का, तुमचं भिवराबाईशी चांगलं हाय. सुडी जळाली त्या पट्ट्यात मेंढ्या बसवायच्या व्हत्या. आमच्या ह्यांनी सांगितलंय असं म्हणू नका."

मी निरोप पोचवला. भिवराबाईने क्षणभर एडक्याकडे पाहिलं, तो अजून लंगडतो. मग म्हणाली, "सांगा त्यास्नी, नंबर लावा. आदी ग्यानबाचं रान, मंग आश्रुबाचं, मंग अक्काचं. त्याच्या मागनं बगू."

हो, आपल्या रानातही. आज मेंढ्या आपल्याच रानात बसल्या आहेत. इथे ओट्यावर बसून लिहिते आहे तर त्यांच्या घंट्या ऐकू येतात. गहू यंदा चांगला येईल.

ग्यानबाने निकालानंतर उठून सांगितलं, तसं मीही उठावं का, याचा मी काल रात्रभर विचार केला. नको. आईला दिलेला शब्द भिवराबाईच्या शब्दाहून हलका नव्हता. तुला इतकंच सांगते: आईने जे केलं ते ज्याच्यासाठी केलं, ते माणूस सुखाने नांदलं, लेकुरवाळं झालं, आणि एक दिवस परक्या देशात एका परक्या पोराला न्याय देऊन रडलं. माझी आईविरुद्ध तक्रार नाही, आणि आता तुझ्याविरुद्धही नाही. प्रकरण निकाली.

संक्रांतीला ये. वैष्णवीलाही आण. तुझ्या खोलीत ते लाल पट्ट्यांचं जाजम धुऊन, घडी करून ठेवलं आहे. सरपंचाने ते माझ्याकडेच ठेवायला दिलं, म्हणाला, पुन्हा लागेल. बसायला तुला तेच अंथरीन.

तुझी अक्का